मागचं आधी

जागृतीने शनिवारच्या रकान्यातलं वाक्य निवडलं. ते पडद्यावर निळं झालं, आणि तिचं बोट खोडायच्या कळेवर ठेवलेलं तसंच राहिलं.

‘दुपारनंतर तुरळक ठिकाणी विजांसह हलक्या पावसाची शक्यता. सोंगणी केलेला माल ताडपत्रीने झाकून ठेवावा.’

वाक्य तिचंच होतं, दहा मिनिटांपूर्वी लिहिलेलं. हवामान खात्याकडून आलेल्या तक्त्यात आर्वी तालुक्यासमोर शनिवारी चार मिलिमीटर होते. चार म्हणजे काय, तर अंगण भिजेल आणि टिनावरून धार लागेल न लागेल, एवढंच. मंगळवारच्या पत्रकात तिने सहा सांगितले होते, त्याआधीच्या शुक्रवारी नऊ. दोन्ही वेळा आभाळ नुसतं दाटून आलं आणि परत गेलं. पिकून उभ्या सोयाबीनच्या शेंगा उन्हाने तडकू लागल्या, लोकांची कापणी-सोंगणी दोनदा पुढे गेली, आणि कृषी हवामान सल्ला केंद्रातला फोन वाजत राहिला.

“मॅडम, तुमचा पाऊस यष्टीनं येऊन राह्यला का?” कालच एकाने विचारलं होतं. “आर्वी डेपोत चौकशी करून येतो मंग.”

त्याच्या मागे चार-पाच जण हसलेले तिला ऐकू आले होते.

तिने कळ दाबली. रकान्यात ‘हवामान मुख्यतः कोरडे राहील’ एवढंच उरलं. खालच्या सल्ल्यात तिने ‘पक्व सोयाबीनची सोंगणी करून घ्यावी’ असं घातलं. ‘शक्यता’ हा शब्द आता पानावर कुठेच नव्हता. पान स्वच्छ दिसू लागलं.

केंद्रप्रमुख कृष्णकांत सरांनी सहीसाठी पेन उघडलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

“आर्वीला शनिवारी चार होते ना?”

“मागच्या दोन वेळेसारखंच जाईल सर.”

“नीट पाहिलंय ना तुम्ही?”

“हो.”

त्यांनी सही केली. अकरा वर्षांत त्यांनी तिचं पत्रक कधी पुन्हा तपासून पाहिलं नव्हतं. नवीन येणाऱ्या पोरांना ते सांगत, की ताकसांडे मॅडमचं असेल तर डोळे मिटून पुढे पाठवा.

पावणेपाचला बाबांचा फोन आला. मंगळवारी आणि शुक्रवारी तो यायचाच. पत्रक मोबाइलवर पोचलं की कवडूजी ताकसांडे ते एकदा मनात वाचत, मग लेकीला फोन लावून शब्द न् शब्द उलगडून घेत, आणि संध्याकाळची वंदना झाली की विहाराच्या भोंग्यावरून आर्वी तालुक्यातल्या सगळ्या बोरडोह गावाला वाचून दाखवत.

“केंद्राच्या मॅडम बोलून राह्यल्या का?”

“बोला बाबा.”

“हे ‘मुख्यतः कोरडे’ मंजे किती कोरडं व? नुसते ओठ, का घसाबी?”

“कोरडं मंजे कोरडं.”

“मंग ‘मुख्यतः’ काऊन लिवलं? त्याचा अलग पगार भेटते का तुले?”

जागृती हसली. शेजारच्या टेबलावरच्या वेदश्रीने मान वर करून पाहिलं. मॅडम दिवसभरात पहिल्यांदाच हसल्या होत्या.

“बरं आयक,” बाबा म्हणाले. “पहाटी वारा फिरला. सकायपासून आंग चिकट चिकट होऊन राह्यलं. मी तं मनत होतो, उद्या दुपारी—”

“बाबा, तुमचं आंग मिरगापासून चिकट होऊन राह्यलं.”

“हेबी खरं हाये. तुही इद्या मोठी.” ते खळखळून हसले, मग जरा हळू बोलले. “मंग लोकायले सांगू ना, सोंगा मनून? बबनरावनं बारा बाया सांगून ठेवल्या उद्यासाठी. सकायपासून माह्या तोंडाकडे पाहून राह्यला तो.”

पत्रकात काय लिहिलं आहे ते त्यांच्या हातातच होतं. ते पत्रकाला विचारत नव्हते.

“सांगा,” ती म्हणाली.

“बस. इतकंच पाह्यजे होतं. रविवारी येजो. तुही माय पाटोडीचा रस्सा करनार हाये.”

“पाहते.”

“पाहते नको मनू. ‘शक्यता आहे’ मन.”

आपल्याच विनोदावर हसत त्यांनी फोन ठेवला. जागृतीने टेबल आवरलं, वाटेत दूध घेतलं, वर्ध्यातल्या बोरगाव मेघेच्या घरी जाऊन गॅलरीतले कपडे काढले. शुक्रवार नेहमीसारखा गेला.

शनिवारी साडेचारला गावाहून फोन आला, तो बाबांचा नव्हता. शेजारच्या सपनाचा होता. ती अंगणवाडीत कामाला होती, विहाराची किल्लीही तिच्याकडेच असे. ती नीट बोलूच शकली नाही. जागृतीने एवढंच ऐकलं, की या, ताई, लवकर या.

नवऱ्याने, रुपेशने, गाडी काढली. वर्ध्यात लख्ख ऊन होतं. पुलगावपर्यंत रस्ता कोरडा होता. पुढे रस्ता आधी ठिपक्याठिपक्यांनी ओला दिसू लागला, मग सगळाच काळा. दोन्ही बाजूंच्या वावरांत सोंगलेलं सोयाबीन पाण्यात आडवं पडलं होतं.

“इकडे पाऊस झालेला दिसतो,” रुपेश म्हणाला, आणि बायकोचं तोंड पाहून त्याने गाडीचा वेग वाढवला.

जागृतीला तोवर रडू आलं नव्हतं. घरी पोचल्यावर अंगणातच बाप गेल्याचं कळलं, तेव्हा तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती चार मिलिमीटर. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस स्वतःला क्षमा करू शकत नाही, हे तिला पुढे बरेच दिवस कळत राहणार होतं.

धुरपताबाईने लेकीला जवळ घेऊन सगळं क्रमाने सांगितलं. ती तसंच सांगायची, भाजी निवडल्यासारखं.

“तीनले आभाय आलं आन् फुटलंच. हे ताडपत्री घेऊन निंगाले, तं बबनरावच्या वावराकडे. मी मनलं, आपली सोयाबीनची गंजी? मने, ‘आपण सांगतलं मनून त्यायनं सोंगलं. आधी त्यायचं.’ आले मंग भिजून. कपडे बदलले, आंग पुसलं. मी मनलं, जागूले फोन करू का, इकडं असा पानी आला मनून? तं मने, ‘नको करू व. दिवसभर तिले जेवन गोड लागनार नाई.’” तिने पदराने लेकीचंच तोंड पुसलं. “मंग खाटीवर बसले. मी चहाचं आधन ठेवलं. आवाज देल्ला तं ओ नाई.”

आर्वीच्या डॉक्टरांनी सांगितलं, की हृदय बंद पडलं, हे कधीही झालं असतं. जेवताना, झोपेत, कधीही.

रविवारी सकाळी, माणसं जमायच्या आत, जागृती परसात गेली. तिथे बाबांचं पर्जन्यमापक होतं, सिमेंटच्या ओट्यावर बसवलेलं. बाबा महसूल खात्यात कोतवाल होते. मंडळ कार्यालयाच्या आवारातलं माप त्यांनी एकतीस वर्षं वाचलं, रोज सकाळी साडेआठला. तिथे आपोआप मोजणारं यंत्र आलं आणि हे जुनं भांडं भंगारात निघालं, तेव्हा त्यांनी ते मागून घेतलं होतं. एकदा तिच्या लहानपणी कुत्र्याने भांडं पाडलं. बाबांनी वहीत ‘वाचन नाही’ लिहिलं. साहेब म्हणाले, शून्य लिही, वर पाठवायचं आहे. बाबा म्हणाले, ‘शून्य मंजे पानी आला नाई, साहेब. मले तं मालूमच नाई, आला का नाई.’ साहेब चिडले, दोन दिवस बोलले नाहीत. घरी येऊन बाबांनी ही गोष्ट इतक्या मजेत सांगितली होती, की जागृतीला ती गंमत वाटली होती, कितीतरी वर्षं.

साडेआठ झाले तसं तिने भांडं काढलं, पाणी काचेच्या मापात ओतलं, वाकून डोळा पातळीशी आणला. अडतीस. तिने पुन्हा पाहिलं. अडतीसच.

दुपारी बाबांना निरोप दिला. भंतेजी आले, त्रिशरण झालं, गावातली सगळी माणसं आली. वरच्या आळीचीही, पारावरचीही. शनिवारी ज्यांचा माल भिजला ती सगळीच होती. पावसाबद्दल कोणी अक्षर काढलं नाही.

सोमवारी कृष्णकांत सरांचा फोन आला. ते आधी बाबांबद्दल बोलले, चांगलं बोलले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि हे बघा, त्या पावसाचं मनाला लावून घेऊ नका. अगदी स्थानिक ढग होता. पंधरा किलोमीटरवर थेंब नाही. असला ढग कोणाच्याच हाती लागत नाही. अहवालात मी तसंच लिहितोय.”

तिने खोडलेल्या वाक्याचं त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी फक्त सही केली होती.

“हं,” जागृती म्हणाली.

धुरपताबाईने आतून विचारलं, कोन होतं व? तिने सांगितलं, ऑफिस.

मंगळवारी दुपारी बबनराव आला. ओसरीवर भिंतीला टेकून बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तो आणि बाबा प्राथमिक शाळेत एका वर्गात होते, आणि तेव्हापासून एकमेकांना शिव्या देत म्हातारे झाले होते. सपनाने चहा आणला.

“तुहा बाप मोठा बदमाश होता व,” बबनराव म्हणाला. त्याचे डोळे भरलेले होते. “सगळं गाव जेवाले बसलं का याचा भोंगा सुरू. आन् नवीन वाचाच्या आधी मागचं सांगे.”

“मागचं मंजे?”

“तुमाले मालूम नाई ताई?” सपनाला आश्चर्य वाटलं. “दर टायमाले. मागचं आधी, मंग नवीन. ‘मंगयवारी सांगतलं होतं पानी येते. आला नाई. आपलं चुकलं.’ असं मनत, मंग खोकलत, मंग पत्रक.”

जागृतीने वळून सपनाकडे पाहिलं.

“माहं चुकलं मनून सांगत होते?”

“तुहं नाव कायले घेईन तो?” बबनराव म्हणाला. “‘आपलं चुकलं’ मने. जसा का हाच आभायात चढून पाहून आल्ता. मी पारावरून वरडो, ‘कवड्या, किती चुकतं बे!’ तं भोंग्यावरून उत्तर दे, ‘बबनराव, आधी घरी इचारून या, तुमी किती चुकता थे.’ सगळं गाव आयके! माही बायको चार दिवस हासत होती.”

सपना तोंडावर पदर घेऊन हसली. आत धुरपताबाईही हसली असावी. भांड्यांचा आवाज थांबला होता.

“मनूनच आयकत होतो ना आमी,” बबनराव चहाचा घोट घेऊन म्हणाला. “टीवीवाला कदी मनते का, काल माहं चुकलं? हा एकलाच मने. चुकलं तं चुकलं मने. मंग बरोबर सांगते तवा माणूस आयकते.”

जागृतीने कप खाली ठेवला. गेल्या वर्षी एका बैठकीत ती उभी राहून बोलली होती, की माझ्या गावात पत्रकावर लोकांचा पूर्ण विश्वास आहे, कारण अंदाज बरोबर येतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बाबांना तिने ते फोनवर सांगितलं, तेव्हा ते म्हणाले होते, ‘वा!’ आणि लगेच पाटोडीचं काहीतरी विचारलं होतं.

“तुमचं किती भिजलं, काका?”

“सहा एकर. काई शेंगायले कोंब फुटून राह्यले. कवडूनं ताडपत्री आनली मनून एक ढीग वाचला.” तो दुसऱ्याच कुणाच्या वावराबद्दल बोलावं तसं बोलला. “आता हे शनवारचं तेवढं राह्यलं त्याचं. आज असता तं सांगतलं असतं त्यानं, आपलं चुकलं मनून. जाऊ दे. जलमभर एक माप खोटं नाई लिवलं त्यानं, जाता जाता एक चुकलं तं चुकलं. कोनी काई मननार नाई बाई. गाव एवढं हलकं नाई.”

जागृतीने तोंड उघडलं. बबनरावने तिच्या डोक्यावर हात ठेवला, टोपी घातली आणि तो उठला. त्याने माफ करून टाकलं होतं. ज्याचा काही अपराध नव्हता त्याला.

सपना कप गोळा करत होती.

“ताई, पत्रक आलं हाये ग्रुपवर. आज राहू द्याचं का?”

“नाई,” जागृती म्हणाली. “मी वाचीन.”

धुरपताबाई दारात येऊन उभी राहिली. तिने लेकीकडे नीट पाहिलं. म्हणाली, “तोंड धुऊन घे मंग.”

वंदनेला नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. पुढे बायका, मागे भिंतीला धरून पुरुष. वंदना संपली तरी कोणी उठलं नाही. सपनाने माइक लावून दिला, एकदा टिचकी मारून पाहिली, मग आपला मोबाइल समोर धरला.

“मी दर टायमाले रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकते. नागपूरले, पुन्याले राह्यतेत ना पोरं, त्यायच्यासाठी.”

त्या ग्रुपात आर्वीच्या कृषी कार्यालयातले दोघे होते. उद्या दुपारपर्यंत ते कृष्णकांत सरांच्या टेबलावर वाजेल, हे जागृतीला कळत होतं. त्यांची सही होती त्या पानावर. अकरा वर्षांची नोकरी होती तिची.

सपनाने तिचा चेहरा पाहून हात थोडा खाली घेतला. “नको करू का?”

“कर.”

जागृतीने आपल्या मोबाइलवर नवीन पत्रक उघडलं. ‘पुढील चार दिवसांत’ असं सुरू होत होतं. बाहेर भोंगा घुमत होता. पाराकडचं बोलणं थांबलेलं ऐकू आलं.

“जय भीम. नमस्कार,” ती म्हणाली. स्वतःचा आवाज गावावरून फिरून परत आलेला ऐकून ती क्षणभर थांबली. “मागचं आधी सांगते. शुक्रवारी सांगतलं होतं, कोरडं राहीन, सोंगा. शनवारी अडतीस मिलिमीटर पानी आला.”

कोणी ओरडलं नाही. पारावरूनही नाही. ‘आपलं चुकलं’ एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं. माना हलल्या असत्या, कुणी डोळे पुसले असते, ती पुढचं वाचायला लागली असती. बाबांचा तो ‘आपलं’ शब्द इतका मोठा होता, की त्याच्या मागे कोणीही सहज उभं राहू शकलं असतं.

समोर धुरपताबाई मांडीवर हात ठेवून बसली होती. जागृतीने मोबाइल पालथा केला.

“माह्या बाबाचं चुकलं नाई,” ती म्हणाली. “आभायाचंबी नाई. इतका येईन हे कोनालेच मालूम नव्हतं. पन येऊ शकते, माल झाकून ठेवा, असं वाक्य त्या पत्रकात होतं. मीच लिवलं होतं. दोनदा पाऊस आला नाई, लोक हासून राह्यले होते, मनून मी थे काढलं. मंग बाबानं मले फोन करून इचारलं, सांगू ना लोकायले? मी सांगा मनलं.”

तिने श्वास घेतला. तोही भोंग्यातून गेला.

“बाबा, मी सांगा मनलं. मले मालूम होतं.”